गॉलचा कोट : दोन तास पुरत नाहीत

मागच्या अंकात सिंधुदुर्गावर लिहिताना श्रीलंकेतल्या गॉलचा मी ओझरता उल्लेख केला होता. समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचं, चहूबाजूंनी तट असलेलं आणि आजही नांदतं असलेलं जुनं शहर, एवढंच लिहिलं होतं. त्यावर सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि किल्ल्यांचं वेड तर त्याच्याही आधीचं. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं सहल कंपनीबरोबर श्रीलंकेला निघालो आहोत. कार्यक्रमात ‘गॉल फोर्ट, दोन तास’ एवढंच लिहिलंय. तेवढ्यात बघून होईल का?
(कराडहून एक शिक्षक दांपत्य)

नाही होणार. स्पष्टच सांगते, दोन तासांत घड्याळाच्या मनोऱ्यापाशी एक फोटो, दीपगृहापाशी एक फोटो आणि मधल्या दुकानांतून एक चक्कर, एवढंच पदरात पडेल. शिवाय या गाड्या कोटात पोचतात त्या ऐन उन्हाच्या वेळी. तटावर सावली जवळजवळ नाही. माणूस दमतो, चिडतो आणि ‘तसं खास काही नव्हतं’ म्हणत परततो. या शहरावर तो अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

गॉल बघायचं ते सकाळी सात-साडेसातला किंवा चारनंतर. सकाळी पांढऱ्या गणवेशातली मुलं शाळेला निघालेली असतात, अंगणं झाडली जात असतात. संध्याकाळी अख्खं गाव तटावर येतं. बुरुजावरच्या हिरवळीवर पोरांचं क्रिकेट रंगतं, म्हातारी माणसं वाऱ्याला बसतात, हातगाड्यांवर तिखटमीठ लावलेलं अननस आणि कैरी मिळते. म्हणून कोटाच्या आत एक रात्र राहा. जुन्या वाड्यांची पाहुण्यांसाठी घरं केली आहेत, मध्ये चौक आणि भोवती खोल्या. हंगामात ती महाग असतात आणि लवकर भरतात. कोटाबाहेर तेच निम्म्यात जमतं, पण शक्य असेल तर हा एक खर्च करा आणि दुसरीकडे हात आखडा.

सहलवाल्यांना आत्ताच विचारा, की गॉलला मुक्काम देता का. देत नसतील तर कोलंबोचा मोकळा दिवस गॉलला द्या. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून आगगाडीने अडीच-तीन तास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा, कारण बराच वेळ रूळ समुद्राला अगदी लागून जातात. दारात उभं राहून फोटो काढणारे दिसतील, तुम्ही तसं करू नका. घाई असेल तर दक्षिण द्रुतगती मार्गावरून बस आहेच, पण तिथून समुद्र दिसत नाही.

तुमच्या तारखांत २६ डिसेंबर येतोय, म्हणून एक सांगते. २००४ साली त्याच दिवशी सकाळी त्सुनामी आली. हिक्कडुवाजवळच्या पेरालिया इथे लाटेत एक आख्खी आगगाडी सापडली आणि गाडीतली व आसऱ्याला गाडीजवळ आलेली मिळून हजाराहून कितीतरी जास्त माणसं गेली. तुमची गाडी त्याच रुळांवरून जाईल. तिथे स्मारक आहे, जपानच्या मदतीने उभी राहिलेली उंच बुद्धमूर्ती आहे. दरवर्षी त्या दिवशी सकाळी ९ वाजून २५ मिनिटांनी देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात. तुम्ही जिथे असाल तिथे उभे राहा.

प्रश्न : बाई, आम्ही अजिंक्यताऱ्यावर वाढलेली पोरं. पाच-सहा जण मिळून गॉलला जायचं म्हणतोय. पण सपाटीवरच्या किल्ल्यात आमच्यासारख्यांनी बघायचं काय?
(साताऱ्याचा एक माजी विद्यार्थी)

अरे, तुझ्यासारख्यानेच बघायचं! आपल्याकडे डोंगर हाच किल्ल्याचा अर्धा जीव असतो. कडा तासलेला असला की तटाला फार काम उरत नाही. गॉलला उंचीच नाही. तिथे सगळी भिस्त समुद्रावर आणि बांधकामावर. म्हणून तुम्ही सवयीने बघता त्याच्या नेमकं उलट बघायला शिका.

सुरुवात जमिनीच्या बाजूने करा. तिथे सूर्य, चंद्र आणि तारा असे तीन बुरूज ओळीने आहेत. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये तटबंदी घातली ती याच बाजूला. बाकी तिन्हीकडे समुद्र राखण करील असा त्यांचा हिशोब. १६४० मध्ये डचांनी, म्हणजे आपल्या कागदपत्रांतल्या वलंदेजांनी, गॉल जिंकलं. त्यांनी पुढे आख्खं भूशीर तटाने वेढलं. तरीही सगळ्यात उंच आणि जाड तट जमिनीकडचाच आहे, कारण वेढा घालून तोफा लावायला जागा तिथेच. तट आतून मातीने भरून रुंद केलेला आहे. नुसता उंच दगडी तट तोफेच्या गोळ्याने ढासळतो, मातीची भर तो गोळा पोटात घेते. बुरूज असे पुढे काढलेत की एकावरून शेजारच्याच्या पायथ्याशी मारा करता यावा. चंद्र बुरुजावर उभं राहून दोन्ही बाजूंना बघ, मी वर्गात फळ्यावर जे काढत होते ते समोर दिसेल.

आता एक दरवाजा चुकवू नका. गाड्या आत जातात तो मोठा दरवाजा इंग्रजांनी १८७३ मध्ये तट फोडून केलेला, तो सोडून द्या. बंदराच्या बाजूला जुना दरवाजा आहे. त्याच्या आतल्या अंगाला डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ साल कोरलेलं आहे. बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह. एकाच कमानीला दोन सत्तांची तोंडं. त्या सालापाशी थोडं थांब. आपल्या सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. म्हणजे मालवणच्या बेटावर महाराज तट उभारत होते त्याच सुमारास वलंदेज इथे भिंती घालत होते. त्यांची वखार तर आपल्या वेंगुर्ल्यात होती. पश्चिम किनाऱ्यावरचा हा सगळा खेळ एका समुद्राचा होता, आणि तो तुकड्यातुकड्यांनी शिकवून आपण त्याची गंमत घालवतो, ही माझी जुनी खंत आहे.

तारा बुरुजापासून निघा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत राहा. डावीकडे लाल कौलांची छपरं, उजवीकडे खडकांवर फुटणाऱ्या लाटा. एकूण चौदा बुरूज. एओलस, नेपच्यून, ट्रायटन करत दक्षिण टोकाच्या फ्लॅग रॉकला पोचाल. सूर्यास्त तिथेच बघायचा. पुढे उट्रेख्त बुरुजावर पांढरं दीपगृह आहे, १९३९ सालचं. त्याच्यासमोरची मशीद लांबून चर्चसारखी दिसते, ती १९०४ सालची. रमतगमत, बसतउठत पूर्ण फेरीला दीड-दोन तास. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा सेल्फीच्या नादात मागे सरकू नका. तटाच्या दगडात मधूनमधून प्रवाळाची नक्षी दिसते. जवळ जाऊन बघा, पण खरवडू नका.

मला स्वतःला तिथली सगळ्यात आवडती गोष्ट जमिनीखाली आहे. डचांनी शहराखालून गटारं अशी काढली की भरतीचं पाणी आत शिरावं आणि ओहोटीला घाण घेऊन बाहेर जावं. रोजची दोन वेळची सफाई, समुद्राच्या हाताने. युनेस्कोने १९८८ मध्ये गॉलला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात या गटारांचाही उल्लेख आहे. तोफा आणि दरवाजे सगळेच दाखवतात. किल्ल्यावर पाणी कुठून येत होतं आणि मैला कुठे जात होता हे विचारणारा मुलगा मला वर्गात नेहमी आवडायचा.

हा कोट टिकला कसा, हेही समजून घे. वाफेच्या बोटींच्या काळात गॉल मोठं बंदर होतं, पण तळाशी खडक फार. इंग्रजांनी १८७० नंतर कोलंबोला लाटा अडवणारा बांध घातला आणि सगळी जहाजं तिकडे गेली. गॉलचा पैसा आटला. पैसा आटला म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणी आलं नाही. आणि २००४ मध्ये बाहेरचं बसस्थानक आणि बाजार वाहून गेला तेव्हा कोटातली बहुतेक घरं या तटामुळे वाचली.

अजून दोनच गोष्टी. डचांचं मोठं चर्च १७५५ मधलं, त्याची जमीन थडग्यांच्या दगडांनी फरसबंद केलेली आहे. नावं, सालं वाचत हळू फिरा. आणि परतताना कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गॉलचा त्रैभाषिक शिलालेख बघा. चिनी दर्यासारंग झेंग हे याने आणलेला, १४०९ सालचा. चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूला आणि फार्सीत अल्लाला दानं वाहिली आहेत. १९११ मध्ये तो गॉलमध्ये सापडला. पोर्तुगीज यायच्या आधीही हे बंदर किती जगाचं होतं, याचा एवढा चांगला पुरावा दुसरा नाही.

शेवटचं, आणि हे तुला बजावून सांगते. तिथे माणसं राहतात. सिंहली, मुसलमान, काही बर्गर (म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाची) घराणी, पिढ्यानपिढ्या. उघड्या दारातून कोणाच्या ओसरीचे फोटो घेऊ नका. विचारलं तर बहुतेक जण हसून ‘घ्या’ म्हणतात.

प्रश्न : माझा हळदीचा व्यापार आहे. गॉलकडची दालचिनी नामांकित म्हणतात. खरेदीत फसवणूक होऊ नये म्हणून काय बघावं? रत्नंही तिथे स्वस्त मिळतात का?
(सांगलीचे एक व्यापारी)

हळकुंड हातात घेऊन मोडून पारखणाऱ्याला मी काय सांगू, पण दालचिनीलाही तीच परीक्षा लागते. खरी सिलोनी दालचिनी म्हणजे झाडाची आतली कोवळी साल. पातळ पापुद्रे एकात एक घालून गुंडाळलेले असतात. रंग फिका तपकिरी, बोटांनी सहज चुरते, चव गोडसर. आपल्याकडे किराणा दुकानात बहुतेकदा मिळते ती कॅशिया : एकच जाड साल, आत वळलेली, कडक आणि तिखट. सगळ्यात बारीक कांडीच्या प्रतीला तिकडे ‘अल्बा’ म्हणतात, भावही तिचाच चढा.

कोग्गला तळ्यातल्या बेटावर आणि गॉलच्या आसपासच्या वाड्यांत साल काढताना दाखवतात. ते जरूर बघा. वरची खरबरीत साल खरवडतात, आतली पितळी कांबीने घासून सैल करतात आणि मग एका लांब कापात सोडवतात. हाताची अशी सफाई सहजी बघायला मिळत नाही. दाखवणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे द्या आणि माल त्याच्याकडूनच घ्या. या सालीपायीच तर पोर्तुगीज आणि डच इथे भांडले. आधी रानातली साल काढून घेत, लागवड डचांच्या काळात सुरू झाली. सांगलीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला एका मसाल्याभोवती तट कसा उभा राहतो हे निराळं सांगायला नको.

रत्नांच्या बाबतीत माझं मत कडक आहे : घेऊ नका. श्रीलंकेचा नीलम उत्तम असतो, पण ‘आज शेवटचा दिवस, कारखान्याच्या भावात देतो’ म्हणत रिक्षावाला ज्या दुकानात नेतो तिथे तुमचा काही फायदा नसतो. हौसच असेल तर मीटियागोडाच्या खाणीतला चंद्रकांत मणी घ्या, तोही पक्क्या बिलावर. त्याहून मी म्हणेन, बीरलू लेस घ्या. उशीवर टाचण्या टोचून, लाकडी फिरक्यांना गुंडाळलेले दोरे एकमेकांत टाकत बायका ती विणतात. पोर्तुगीजांपासून चालत आलेली कला आहे आणि विणणारे हात आता कमी होत चालले आहेत. रुमालाएवढ्या तुकड्याला किती तास बसावं लागतं ते समोर बघितलंत तर भाव करायची इच्छाच होणार नाही.

प्रश्न : आम्ही दोघंही शाकाहारी, यजमानांचे गुडघे दुखतात. झेपेल का?
(मिरजेहून एक आजी)

आजी, नक्की झेपेल. कोटातले रस्ते सपाट आणि आखीव, चढ फक्त तटावर जाताना. दीपगृहापर्यंत रिक्षा जाते. तिथून थोडंसं चालून तटावर बसा, समुद्र तिथूनच पोटभर दिसतो. सागरी संग्रहालय जुन्या डच कोठारात आहे, उन्हाच्या वेळी तिथे गारवा मिळतो.

जेवणात एक जपायचं. ‘भाजी आहे’ म्हटलं तरी तिच्यात वाळवलेल्या माशाचा चुरा असू शकतो. त्याला तिकडे उंबलकड म्हणतात. खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल संबोलमध्ये, तर तो हमखास असतो. म्हणून मागताना ‘मासे नकोत, उंबलकडही नको’ असं दोन्ही सांगा. बाकी खाणं आपल्या जिभेला जवळचं : भात, नारळाच्या दुधातलं मसूरडाळीचं वरण, कोवळ्या फणसाची भाजी, तांदळाच्या शेवया, आप्पम. कवठाचं सरबत मिळतं. आणि म्हशीच्या दुधाचं, मातीच्या भांड्यात लावलेलं दही, त्यावर भेरली माडाच्या रसाची काकवी. ते रोज खा.

प्रश्न : गॉलचं क्रिकेट मैदान किल्ल्यावरून दिसतं का?
(नववीतला विद्यार्थी, सातारा)

दिसतं! तटाच्या अगदी खाली आहे, आणि कसोटी चालू असली की लोक तटावर बसून ती बघतात. जुलै २०१० मध्ये मुरलीधरनने आपली ८०० वी विकेट याच मैदानावर, भारताविरुद्ध, आपल्या शेवटच्या कसोटीतल्या शेवटच्या चेंडूवर घेतली. त्सुनामीत हे मैदान उद्ध्वस्त झालं होतं, २००७ अखेर तिथे पुन्हा कसोटी खेळली गेली. बाबांना सांग, सामन्यांच्या तारखा बघूनच तिकिटं काढा.

प्रश्न : गॉलजवळ मारुतीरायाशी संबंधित डोंगर आहे असं ऐकलं. खरं का?
(वाईहून एक वाचक)

हो, रुमस्सला. कोटाच्या तटावरून खाडीपलीकडे हिरवी टेकडी दिसते ती. द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, म्हणून टेकडीवर औषधी वनस्पती विपुल आहेत असं ते सांगतात. वाचताना तुम्हाला आपला जरंडेश्वर आठवला असेलच. कोरेगावच्या वाटेवरच्या त्या डोंगराचीही हीच कथा, वनौषधींसकट. समुद्राच्या दोन टोकांना दोन गावांनी एकाच मारुतीला आपापल्या डोंगरावर उतरवून घेतलं, याचा मला फार आनंद होतो.

टेकडीवर जपानी भिक्षूंनी २००५ मध्ये बांधलेला शांतिस्तूप आहे. पादत्राणं काढून, खांदे-गुडघे झाकून जा, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तो तिथे अपमान समजतात. खाली उतरलं की जंगल बीच नावाचा छोटा किनारा आहे.

प्रश्न : दोन लहान मुलं बरोबर आहेत. कोणता महिना बरा, आणि समुद्रात खेळता येईल का?
(इस्लामपूरहून एक आई)

डिसेंबर ते मार्च. मे ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर पावसाळा आणि समुद्र खवळलेला. दिवाळीच्या सुट्टीत दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, पण कोटात फिरायला अडत नाही. पौर्णिमेला तिकडे ‘पोया’ची सुट्टी असते, बऱ्याच गोष्टी बंद राहतात. कॅलेंडर बघून बेत करा. प्रवेश परवाना ऑनलाइन काढावा लागतो, त्याचे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी सरकारी संकेतस्थळच बघा.

मुलांना पाण्यात खेळवायचं तर दीपगृहाखालचा छोटा किनारा किंवा पाच-सहा किलोमीटरवरचं उनवटुना. तिथेही लाल बावटा असेल तर नाही म्हणजे नाही. मिरिस्साहून देवमासे बघायला बोटी जातात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पण लहान मुलांना बोट फार लागते. मी तुमच्या जागी असते तर यंदा ते टाळलं असतं. त्याऐवजी कोग्गलाचं लोकसंग्रहालय दाखवा, झाडीत आहे आणि जुनी अवजारं, मुखवटे बघताना मुलं रमतात. काठीवर बसून मासे धरणारे कोळी त्याच वाटेवर दिसतील. आता ते बरेचसे फोटोसाठीच बसतात आणि पैसे मागतात. आधी ठरवून द्या, घासाघीस नको.

फ्लॅग रॉकवरून पैशांसाठी खाली समुद्रात उड्या मारणारी मुलं भेटतील. खाली खडक आहेत. पैसे देऊन त्यांना उडी मारायला लावू नका, आणि तुमची मुलं टाळ्या वाजवायला लागली तर त्यांना तिथून पुढे न्या.